सिस्टर क्लाराची जागा

रूथबाई, तुमचा सेट अखेर मोडला. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या देखत. पहिला घाव मीच घालावा असं तिथल्या मंडळींनी सुचवलं. मी मोठ्या ऐटीत हातोडा उचलला आणि लक्षात आलं की तो आता माझ्या छातीच्या वर जात नाही. गपचूप दुसऱ्याच्या हातात दिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अहो पेंटर, आता मोडायलाही माणूस लागतो का तुम्हाला?" लागतो, बाई. दुपारी त्याच जागी तुम्हाला ठेवलं. मूठभर माती मीही टाकली आणि रिक्षा करून शनिवार पेठेत घरी आलो. त्याला आता आठवडा होत आला. माझी सकाळची गोळी झाली का, हे विचारणारा फोन काही वाजत नाही.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. ज्येष्ठ चरित्र अभिनेत्री, असंख्य चित्रपट, हसतमुख व्यक्तिमत्त्व वगैरे. हसतमुख कोणाला दिसलात कोण जाणे. फोटो भलत्याच बाईचा छापलाय. ती तुमच्याहून चांगलीच बारीक होती, तेव्हा तुमची हरकत नसावी. त्या चार ओळींत जे नाही ते मला तुम्हाला सांगायचंय. खरं तर ते तुम्हाला माहीतच आहे, पण ते सांगायला तुमच्याशिवाय आता कोणी उरलं नाही.

आपली ओळख त्याच दफनभूमीतली. सोलापूर रस्त्याकडची, जुनी, चिंचेच्या झाडांची. मी तेव्हा नुकता सिनेमाची पोस्टरं रंगवायची सोडून सेट लावायच्या कामात आलो होतो, पण युनिटमध्ये सगळे मला पेंटरच म्हणायचे. तुम्ही शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलात. त्या चित्रपटात तुम्हाला एका नर्सची भूमिका होती, सिस्टर क्लाराची. साथीच्या रोगात गावाची सेवा करता करता ती मरते आणि शेवटी नायक-नायिका पावसात तिच्या कबरीवर फुलं वाहतात. भूमिका तशी छोटीच. नायिकेला गाणी होती, तुम्हाला खोकला होता.

पण तुमच्या मरणाचा सीन मी पाहिलाय. स्टुडिओत माझ्याच लावलेल्या दवाखान्यात, लोखंडी खाटेवर. तुम्ही शेवटचा श्वास सोडलात, आणि कॅमेरा चालू असताना एक माशी येऊन नेमकी तुमच्या पापणीवर बसली. तिथून नाकावर, नाकावरून ओठावर. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. डायरेक्टर 'कट' म्हणायचं विसरले. तुमची पापणीसुद्धा हलली नाही. शॉट संपल्यावर तुम्ही उठून बसलात आणि म्हणालात, "त्या माशीला चहा द्या, तिनं छान काम केलं." मी आयुष्यात बरेच मोठे नट जवळून पाहिले, त्यांचे राजवाडे उभे केले. अभिनय म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, हे मात्र तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर महिनाभर माझी खिल्ली उडवली असतीत.

दफनभूमीत एक दिवसाच्या शूटिंगची परवानगी मिळाली होती. मागच्या भिंतीलगत थोडी मोकळी जागा होती, तिथे मी सिस्टर क्लाराची कबर उभी केली. एरवी असल्या कामाला प्लायवूड आणि प्लास्टर पुरतं. पण सीन पावसाचा, पाऊस पाडायला अग्निशमन दलाचा बंब येणार. त्या पाण्यात माझं प्लास्टर नायिकेच्या पायांवर वाहून आलं असतं. म्हणून उशाच्या दगडासकट सगळं विटांत रचलं, वरून सिमेंट केलं, त्यावर पांढरा रंग आणि संगमरवराच्या करड्या रेघा. काळ्या अक्षरात नाव घातलं, 'सिस्टर क्लारा'. तारीख घातली नाही, कारण ती कोणत्या साली मरते यावर डायरेक्टर आणि लेखक यांचं एकमत होईना. सेटच्या धंद्यातला नियम असा की कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच सजवायचं. दगडाची पाठ भिंतीकडे होती, म्हणून मागची बाजू तशीच कच्ची सोडून दिली.

दुसरा नियम असा की पॅकअप झाला की सेट मोडायचा. पाहुण्याच्या घरात सतरंजी पसरली तर आपणच गुंडाळून ठेवायची, तसं. ते काम नामदेव मिस्त्रीच्या टोळीचं. नामदेव लोणी काळभोरचा, हाताचा पक्का. मी पुढच्या लोकेशनवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कबर मोडली का?" तर तो डोकं खाजवायला लागला.

"न्हाई मोडली, सायेब. आमी गेलो तवा एक बाई फुडं पाठमोरी बसून रडत हुती. मंग म्हनलं आपली ती न्हवं, ही खरी हाय. आपली दुसरी कुठं हाय म्हून समद्या कबरी हुडकल्या, घावली न्हाई. मंग त्या खऱ्या कबरीच्या पाया पडलो आन् आलो."

मी कपाळाला हात लावला. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, स्वतः विटा वाहून आणलेला माणूस, आणि आपल्याच सेटच्या पाया पडून आला! युनिटमध्ये हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. कारागिराला याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार? पुढे दुसऱ्या शूटिंगची घाई झाली, मग पावसाळा आला, आणि कबर राहून गेली.

रडणारी ती बाई म्हणजे तुम्ही, हे मला मागाहून कळलं. आपल्या स्वतःच्या खोट्या कबरीपुढे, स्टुडिओतलं काम संपवून थेट, नर्सचा वेष न उतरवता. का रडत होतात, हे मी तुम्हाला नंतर कितीदा विचारलं असेल. एकदा म्हणालात, ग्लिसरीन जास्त झालं होतं. एकदा म्हणालात, दुपारचं जेवण आलं नव्हतं, भुकेनं रडू आलं. एकदा मी फारच खोदून विचारलं तर म्हणालात, "पेंटर, तुम्ही अक्षर इतकं वाईट काढलं होतं की मला राहवलं नाही." मी विचारायचा थांबलो. तुमचं कोणी नव्हतं, मिशनच्या बोर्डिंगात वाढलात, एवढंच मला ठाऊक. त्यापलीकडे माझे काही अंदाज आहेत. पण तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे ते मी लिहू नये.

क्लाराची कबर होती ती मागची ओळ म्हणजे तुमच्या भाषेत 'कलाकारांची गल्ली'. बोलपट नवे होते त्या काळातला एक कॅमेरामन तिथे आहे. संगीत नाटकांत ऑर्गन वाजवणारे एक गृहस्थ आहेत. पडद्यावर देवी होऊन घराघरांत पुजली गेलेली आणि रविवारी न चुकता चर्चला जाणारी एक नटी आहे. एके काळी यांना बघायला थिएटरबाहेर रांगा लागायच्या, आणि आता त्यांची नावं वाचायला गवत बाजूला सारावं लागतं. नोव्हेंबरात कबरी धुऊन मेणबत्त्या लावायचा दिवस आला की तुम्ही मला बोलावून घ्यायचात. तुम्ही पुढे, तुमच्या हातात फुलं. मी मागे, माझ्या हातात बादली. घरी आलो की आमच्या हिनं अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं असायचं, आणि तेवढ्यात तुमचा फोन, "काय वहिनी, नवरा शुद्ध झाला का?" मग तुम्ही दोघी माझ्यावर मनसोक्त हसायचात. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्या दुपारी तुम्ही तिच्या उशाशी बसलात. माझा जीव तिथे घाबरा व्हायचा, म्हणून मला बाहेर चहाला हाकलायचात. तिला जाताना भीती वाटली नाही ती तुमच्यामुळे. याबद्दल मी तुमचे आभार मानले नव्हते. आपल्यात तशी पद्धत नव्हती, पण आज मानतो.

कबरी धुता धुता तुम्ही त्या मंडळींना बातम्या सांगायचात. कॅमेरामनला सांगायचात, "साहेब, तुमच्या स्टुडिओच्या जागी आता फ्लॅट झाले. खाली गाड्या लावतात, तुम्ही ट्रॉली लावायचात तिथेच." ऑर्गनवाल्यांना सांगायचात की आता अख्खा वाद्यवृंद एका विजेच्या पेटीतून वाजतो, आणि मग त्यांना वाईट वाटेल म्हणून घाईघाईनं पुढे जायचात. पडद्यावर तुमचं नाव नेहमी शेवटून दुसरं-तिसरं यायचं. यांतल्या कोणी तुम्हाला कधी जेवायला बोलावलं असेल असंही नाही. तरी तुम्ही त्या सगळ्यांच्या घरच्यासारख्या वागायचात.

आणि शेवटी सिस्टर क्लारा. इथे आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, "रूथबाई, खऱ्या माणसांमध्ये हे नाटक बरं दिसत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकू, काढून टाकू." तुम्ही म्हणायचात, "असू द्या हो, कोणाच्या डोळ्यात खुपतंय?" मी म्हणायचो, माझ्या. तुम्ही म्हणायचात, डोळे तपासून घ्या. मला वाटायचं, बाईंना आपली एकुलती एक लक्षात राहिलेली भूमिका सोडवत नाही. त्यात लोकही फुलं ठेवायला लागले होते. जवळच्या इस्पितळातल्या नर्सेस यायच्या, लेकरू आजारी असलं की बायका यायच्या. एकदा एका बाईनं तुम्हालाच विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" तुम्ही पदर सावरत म्हणालात, "थोडी ओळख होती." मी बादली घेऊन नळाकडे पळालो, कारण हसू आवरेना.

रंग उडाला की तुम्ही मला तो पुन्हा द्यायला लावायचात. मी कुरकुरत द्यायचो. माझे राजवाडे, माझे किल्ले, माझी अख्खी बाजारपेठ, सगळं मोडून सरपणाला गेलं. माझ्या हातचं एवढंच उभं राहिलं, तेही चुकून.

यंदा उन्हाळ्यात तुमच्या कॅम्पातल्या खोलीत चहा पीत बसलो होतो. तुमचं खाणं कमी झालं होतं, आवाज मात्र शाबूत. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता सहज विचारलंत, "पेंटर, क्लाराच्या दगडाखाली कोणी नाही, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला."

"मी त्या वेळी साक्ष द्यायला नसेन."

मला उमगायला थोडा वेळ लागला. दफनभूमी केव्हाच भरली होती. ज्यांच्या घरच्यांची कबर आहे त्यांनाच आत जागा, बाकीच्यांना लोणी काळभोरच्याही पुढे, गावाबाहेरच्या नव्या जमिनीत. तुमचं घरचं कोणी तिथे नव्हतं.

"त्या माळावर मी कोणाला ओळखते?" तुम्ही म्हणालात. "जन्मभर ओळखीच्या माणसांत काम केलं. तिथे सगळे परके. कोणाला बातम्या सांगू?"

"मी सांगेन दफनभूमीच्या कमिटीला," मी म्हणालो. "पण मीच आधी गेलो तर?"

"मग माझी रवानगी माळावर. तब्येत सांभाळा."

त्या दिवसापासून रोज सकाळी तुमचा फोन. गोळी घेतली का, जिन्यावरून सावकाश उतरता का, भजी खाल्लीत का. पोरानं विचारलं, "बाबा, कोण एवढी काळजी करतं?" तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "काळजी कसली? साक्षीदार आहात माझे." एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तशी तुम्ही ती जागा धरली होती. पहिल्या दिवसापासूनच का, की पुढे कधी सुचलं? हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तुम्ही ग्लिसरीनच सांगितलं असतंत.

तुम्ही गेल्याचा फोन आला त्या संध्याकाळी मी रडलो नाही, कमिटीकडे गेलो. पाळकसाहेब भला माणूस, पण नवा. बाकीचेही तरुणच. जुन्या कागदांचं वाळवीनं केव्हाच भोजन केलेलं. मी सगळी हकिगत सांगितली. ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आयटीत काम करणारा एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, सॉरी टू से, पण माझी आजी या सिस्टरच्या ग्रेव्हवर कँडल लावायची. आता तुम्ही म्हणताय ती फेक आहे. प्रूफ काय?"

पाळकसाहेब म्हणाले, "कोणाच्या कबरीला हात लावायचं पाप मी कसं करू? आपलं वय झालंय, आपली चूकही होत असेल."

रूथबाई, गंमत बघा. उभ्या जन्मात खोट्याचं खरं करून दाखवलं, आणि आता खऱ्याचं खरं करता येईना. त्या मुलाची आजी, त्या नर्सेस, सगळ्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं झालं. तुमची माळावरची जागा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग आठवलं. म्हटलं, "तुमच्यापैकी कोणी त्या दगडाची पाठ पाहिलीय?"

कोणीच पाहिली नव्हती. मागे भिंत, मध्ये हातभर जागा, त्यात वेली. अजून उजेड होता, आम्ही सगळे तिथे गेलो. त्या आयटीतल्या मुलानं शर्टाची पर्वा न करता आत शिरून वेल ओढून काढली आणि मोबाइलचा दिवा धरला. मागे नुसत्या उघड्या विटा. गिलावा नाही, रंग नाही. आणि मधोमध सिमेंट वाचवायला कोंबलेला वनस्पती तुपाचा गंजका डबा.

"डबा आहे," तो आतून म्हणाला.

"कॅमेऱ्याला दिसत नव्हता," मी म्हणालो.

आधी तो मुलगा हसला, मग पाळकसाहेब. मग ते गंभीर झाले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "बाईंची जागा बाईंनाच." तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. दफनभूमीत, चार अनोळखी पोरांसमोर, तुपाच्या डब्याकडे बघत मी ढसाढसा रडलो. ग्लिसरीन नव्हतं, आणि दुपारी जेवलोही होतो.

दुसऱ्या दिवशी खणलं तेव्हा खाली कोरी माती निघाली, आणि पाळकसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तुम्हाला ठेवताना गर्दी नव्हती. पण इस्पितळातल्या दोन नर्सेस फुलं घेऊन आल्या होत्या. दगड दिसेना म्हणून भांबावल्या. मी त्यांना म्हटलं, सिस्टर क्लारा आज आल्यात. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण फुलं त्यांनी तिथेच ठेवली.

नवा दगड माझ्याकडून, असं मी कमिटीला सांगितलंय. माती बसायला वेळ द्यावा लागतो, तोवर दगड कारागिराकडे आहे. अक्षरं मी स्वतः ब्रशनं काढून दिली. हात थरथरतो, त्यामुळे 'रूथ'चा ऊकार जरा लांबलाय. तुम्हाला रडायला निमित्त होईल. तुमच्या नावाखाली लहान अक्षरात 'सिस्टर क्लारा' ठेवलंय, कारण त्या बायका पुन्हा येतील आणि त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवणं तुम्हाला आवडणार नाही. या वेळी तारीखही आहे. दगडाची मागची बाजूसुद्धा घासून चकचकीत करायला सांगितली, तर कारागीर माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, मागं भित हाय. कोन बगनार?" मी म्हटलं, तू घास.

काल त्याच्याकडून परत येताना नामदेव मिस्त्रीची फार आठवण झाली. तो जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या चुकीवरून आम्ही त्याला जन्मभर चिडवलं, आणि तो बिचारा दर वेळी एवढंच म्हणायचा, "आता मला खरी दिसली, त्याला मी काय करू?" रूथबाई, तुम्ही भेटलात त्याला, तर माझा निरोप द्या. म्हणावं, पेंटर सांगत होते, तुझं काही चुकलं नव्हतं. तू पाया पडायला जरा लवकर आला होतास, एवढंच.